खलाशांच्या घरातले विधिमंडळ

१/ नरिमन पॉइंटजवळच्या आजच्या विधानभवनाचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र राज्य मात्र त्याआधी दोन दशके अस्तित्वात होते. तोवर मुंबईत त्याचे विधिमंडळ भरत असे ते मुळात खलाशांच्या मुक्कामासाठी उभारलेल्या वास्तूत.

२/ मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये झाली. सभासद थोडे आणि सारेच नियुक्त. अशा सभेला स्वतंत्र इमारतीची निकड नव्हती. बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र निकडीचा होता.

३/ १८७० साली राणी व्हिक्टोरियाचे पुत्र प्रिन्स आल्फ्रेड मुंबईस आले. त्यांच्या भेटीच्या स्मरणार्थ बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली आणि अपोलो बंदराजवळ ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ची पायाभरणी झाली. बांधकाम १८७२ ते १८७६ या काळात चालले. वास्तुकार होते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही त्यांची पुढची कीर्ती.

४/ दर्शनी भागात गॉथिक वळणाच्या कमानींच्या रांगा आणि त्यांच्यामागे सावलीचे सज्जे. मधल्या त्रिकोणी शिखरावर सागरदेव नेपच्यून, जलपऱ्या आणि समुद्राश्व कोरलेले आहेत. आत सोय होती २० अधिकारी व ५८ खलाशांची. अडचणीच्या प्रसंगी शंभरांची.

५/ १९१९च्या सुधारणांनी कायदेमंडळात निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत झाले आणि १९२८ साली सरकारने ही वास्तू त्यासाठी घेतली. १९३७ साली प्रांतिक विधानसभेत १७५ सदस्य होते. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६. मताधिकार रुंदावत गेला, तशी जागा अपुरी पडत गेली.

६/ या घराच्या इतिहासातला सर्वांत कठीण दिवस घराबाहेर घडला. २१ नोव्हेंबर १९५५. राज्यपुनर्रचनेचा प्रश्न विधिमंडळापुढे होता आणि मुंबईसह महाराष्ट्राची मागणी करणारे मोर्चे या इमारतीकडे निघाले होते. सुमारे एक किलोमीटर अलीकडे, फ्लोरा फाउंटनपाशी, गोळीबार झाला. पंधरा जणांचे प्राण गेले. तोच आजचा हुतात्मा चौक. १ मे १९६० रोजी राज्य झाले, आणि त्याचे विधिमंडळ मोर्चांना जिथवर पोहोचू दिले नव्हते त्याच वास्तूत बसू लागले.

७/ दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात संसार थाटणारे विधिमंडळ एकटे नव्हते. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले. सैनिकांच्या बराकीत भिंती घालून एकेका कुटुंबाने बिऱ्हाड मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ झाले. पुढे शहर वाढले, पण परवानगीविना. अनधिकृत इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयातून आले, तेव्हा २००६ साली विधिमंडळाने ती बांधकामे नियमित करण्यासाठी केवळ या एका शहरापुरता कायदा केला.

८/ फरक इथेच दिसतो. खलाशांचे घर सभागृह झाले ते सरकारच्या एका निर्णयाने. उल्हासनगरच्या रहिवाशांना मात्र आपले घर कायदेशीर ठरावे म्हणून सभागृहाकडे पाहावे लागले. विधानभवनाचे मोल त्याच्या घुमटाकमानींवरून ठरत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न आत किती लवकर पोहोचतो, यावरून ठरते.

९/ जुन्या वास्तूत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. रीगल सिनेमासमोर उभे राहून मान वर केली, की शिखरावरचा नेपच्यून अजूनही दिसतो. तिथून हुतात्मा चौकापर्यंत चालत जावे. १९५५ साली मोर्चांना जे अंतर ओलांडू दिले नाही, ते पंधरा मिनिटांत पार होते.