डॉ. कोली यांचे जंतु

जंतूंना कर्करोगाच्या गांठीवर सोडण्याची कल्पना आज नवी भासते. पण तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १८९१ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथील तरुण शस्त्रवैद्य विल्यम कोली यांच्या डोळ्यांदेखत बेसी डॅशिएल नांवाची त्यांची कोंवळ्या वयाची रोगी दगावली. सार्कोमा या दुर्धर अर्बुदापायीं तिचा हात कापला होता, तोहि व्यर्थ गेला. अस्वस्थ झालेल्या कोलींनीं इस्पितळाचीं जुनीं दप्तरें चाळलीं. त्यांत स्टाइन नांवाच्या एका जर्मन मनुष्याची नोंद सांपडली. त्याच्या मानेवरील गांठ वारंवार कापूनहि परत येई. शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर धांवरें उठलें, ताप चढला आणि गांठ विरघळून गेली! कोलींनीं गरीब वस्त्यांतून हिंडून हा मनुष्य शोधून काढला. सहा-सात वर्षांनंतरहि तो धडधाकट होता. दप्तरांतील एका नोंदीसाठीं दारोदार फिरणारा हा वैद्य मला त्याच्या सिद्धांताहून अधिक मोलाचा वाटतो.

त्याच वर्षीं त्यांनीं झोला नांवाच्या इटालियन रोग्यास धांवऱ्याचे जिवंत जंतु टोंचले. झोला मरतां मरतां वांचला व पुढें आठ वर्षें जगला. परंतु इतर कांहीं रोगी धांवऱ्यानेंच गेले. म्हणून १८९३ पासून कोली मारलेल्या जंतूंचें मिश्रण वापरूं लागले.

याच सुमारास क्ष-किरण आले, पाठोपाठ रेडियम आलें. कोलींच्याच इस्पितळांतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग हे किरणांचे कैवारी. कोलींवर अन्याय झाला असें म्हणण्याची हल्लीं प्रथा आहे. तें अर्धेंच खरें. त्यांचें औषध वेळोवेळीं बदले, नोंदी अपुऱ्या असत, आणि तें कां लागू पडतें हें त्यांना सांगतां येईना. अशा उपायावर प्रतिपक्षानें विश्वास ठेवावा तरी कसा? १९३६ सालीं कोली वारले.

१९७६ सालीं कॅनडांतील मोरालेस यांनीं क्षयाविरुद्धची बी. सी. जी. लस मूत्राशयाच्या कर्करोगांत उपयोगी पडते असें दाखविलें; या सौम्य केलेल्या जिवंत जंतूंमुळें शरीराची संरक्षक शक्ति त्या ठिकाणीं जागी होते. हा उपचार आजहि रूढ आहे. पुढें शास्त्रज्ञ जंतूंची घडणच बदलूं लागले. गांठीच्या गाभ्यांत प्राणवायु कमी असतो व संरक्षक पेशींचा पहाराहि ढिला असतो. तेथें कांहीं जंतु सुखानें वाढतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असे दुबळे केलेले साल्मोनेला जंतु रोग्यांच्या शिरेंतून देण्यांत आले होते. उंदरांत चमत्कार करणारे हे जंतु बहुतेक रोग्यांच्या गांठींत वसलेहि नाहींत, आणि एकाचीहि गांठ आटली नाहीं. २०१९ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गांठींत शिरून ठराविक संख्येपर्यंत वाढणारे, मग आपोआप फुटून औषध सोडणारे जंतु तयार झाले. त्यांनीं गांठी आटविल्या, पण त्याहि उंदरांच्याच.