द सिटी ऑफ ड्रीमिंग बुक्स (कादंबरी)

'द सिटी ऑफ ड्रीमिंग बुक्स' (मूळ जर्मन नाव: 'दी श्टाट डेर ट्रॉयमेन्डेन ब्यूशर', शब्दशः अर्थ: स्वप्न पाहणाऱ्या पुस्तकांचे शहर) ही जर्मन लेखक व चित्रकार वाल्टर म्योर्स यांची अद्भुतरम्य कादंबरी आहे. ती २००४ साली म्युनिकच्या पीपर प्रकाशनाने प्रसिद्ध केली. झामोनिया या काल्पनिक खंडावर म्योर्स यांनी रचलेल्या कादंबऱ्यांपैकी ही चौथी. जुन्या पुस्तकांचा व्यापार हेच ज्याचे जीवन आहे असे शहर आणि त्या शहराखाली पसरलेली ग्रंथांची भुयारे हे तिचे कथाक्षेत्र आहे. २००५ साली कादंबरीला वेट्सलार शहराचा फॅन्टास्टिक पुरस्कार मिळाला. जॉन ब्राउनजॉन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००६ साली प्रकाशित झाला.

पार्श्वभूमी

म्योर्स यांचा जन्म २४ मे १९५७ रोजी म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. प्रौढांसाठीच्या उपरोधिक चित्रकथा आणि 'कॅप्टन ब्लाउबेअर' हे लहान मुलांचे आवडते पात्र यांमुळे ते जर्मनीत आधीच परिचित होते. याच पात्रावरील १९९९ च्या कादंबरीपासून झामोनियाची मालिका सुरू झाली. प्रस्तुत कादंबरीतील कृष्णधवल रेखाचित्रेही त्यांचीच आहेत.

पुस्तकावर म्योर्स यांचे नाव असले, तरी आतील बतावणीनुसार मूळ लेखक हिल्डेगुन्स्ट फॉन मिथेनमेत्स हा आहे आणि म्योर्स हे झामोनियन भाषेतून जर्मनमध्ये अनुवाद करणारे केवळ अनुवादक व चित्रकार आहेत. ही बतावणी शेवटपर्यंत गांभीर्याने निभावलेली आहे.

कथानक

हिल्डेगुन्स्ट हा डायनोसॉरवंशीय प्राणी लिंडवुर्मफेस्टे या गडावर राहतो. त्या गडावरील प्रत्येक रहिवासी लेखक असतो, किंवा तसे होण्याच्या बेतात असतो. त्याचा साहित्यगुरू डान्त्सेलोट मृत्युशय्येवर त्याला एक छोटे हस्तलिखित देतो. लिहायला न सुचण्याच्या यातनेविषयी कोणा अज्ञात तरुणाने लिहिलेला तो मजकूर इतका निर्दोष असतो, की वाचणाऱ्याला आपल्या लेखणीची लाज वाटावी. डान्त्सेलोटने त्या तरुणाला बुखहाइमला जाण्याचा सल्ला दिला होता. त्यानंतर त्याची काहीच वार्ता आली नाही. त्याचा शोध घेण्यासाठी हिल्डेगुन्स्ट बुखहाइमची वाट धरतो.

बुखहाइममध्ये जुन्या पुस्तकांची पाच हजारांहून अधिक अधिकृत दुकाने आहेत. तेथील बोलीत अशा पुस्तकांना 'स्वप्न पाहणारी' म्हणतात: एका वाचकाच्या हातून सुटलेली आणि दुसऱ्याच्या हाती अद्याप न पडलेली पुस्तके मेलेली नसतात, झोपलेली असतात. या शहराच्या बाजारावर फिस्टोमेफेल श्माइक या विद्वान व्यापाऱ्याची गुप्त सत्ता चालते. हस्तलिखित पाहताच तो हिल्डेगुन्स्टला विषारी पुस्तक हाताळायला लावून बेशुद्ध करतो आणि भुयारांत टाकून देतो. (विषारी पानांची कल्पना उंबेर्तो एको यांच्या १९८० सालच्या 'द नेम ऑफ द रोझ' या कादंबरीतही आहे.)

भुयारांत पुस्तकशिकाऱ्यांचे राज्य आहे. दुर्मीळ ग्रंथांच्या यादीतील एखादी प्रत मिळवण्यासाठी ते एकमेकांचा जीव घेतात आणि मिळालेले पुस्तक वाचण्याची त्यांना गरज वाटत नाही. त्यांच्यातील अपवाद म्हणजे कोलोफोनिउस रेगनशाइन. त्याच्या नावातील 'कोलोफोन' म्हणजे हस्तलिखिताच्या अखेरची पुष्पिका. याच भुयारांत हिल्डेगुन्स्टला अखेर तो अज्ञात लेखक सापडतो, मात्र आता त्याला सारे 'छायाराजा' म्हणून ओळखतात. एवढा मोठा प्रतिभावंत पुढे आला, तर सामान्य दर्जाच्या पुस्तकांवर उभा असलेला आपला व्यापार कोसळेल, या भीतीने श्माइकने त्याचे शरीर जुन्या कागदांपासून नव्याने घडवून त्याला भूमिगत केलेले असते. प्रकाशाचा स्पर्श होताच तो पेट घेईल, अशी ही रचना आहे. छायाराजा हिल्डेगुन्स्टला लेखनाचे धडे देतो, त्याला वर आणतो आणि स्वतः पेटून श्माइकचा सूड घेतो. त्या आगीत बुखहाइमही जळू लागते. जळते शहर पाहत असतानाच हिल्डेगुन्स्टला 'ऑर्म', म्हणजे झामोनियात सर्व श्रेष्ठ लेखनाचे मूळ मानली जाणारी प्रेरणा, प्रथमच जाणवते.

बुखलिंग

कादंबरीतील सर्वांत लोकप्रिय भाग बुखलिंग या एकाक्ष, बुटक्या जमातीचा आहे. प्रत्येक बुखलिंग एकाच लेखकाचे समग्र साहित्य मुखोद्गत करतो आणि त्या लेखकाचेच नाव धारण करतो. वाचन हेच त्यांचे अन्न. जाडजूड कादंबऱ्यांचा अतिरेक केला की त्यांचे वजन वाढते, मग काही दिवस कवितांवर काढावे लागतात. आपण भयंकर राक्षस आहोत ही अफवा त्यांनीच पसरवलेली आहे, कारण शिकाऱ्यांपासून बचावाचा तोच एक उपाय. तो पुरत नाही. शिकारी त्यांच्या वसतीवर हल्ला करतात तो प्रसंग कादंबरीतील सर्वांत क्रूर प्रसंगांपैकी आहे, आणि आधीची शंभरेक पाने त्यांच्यासोबत हसत घालवलेल्या वाचकाला तो अधिकच लागतो.

पुस्तके पाठ करणारी माणसे रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) या कादंबरीतही आहेत. तेथे जाळपोळीपासून ग्रंथ वाचवण्यासाठी ते करावे लागते, तर बुखलिंग ते निव्वळ आवडीने करतात. पुस्तकाचा मालक, विक्रेता, शिकारी आणि वाचक या चार भूमिकांत म्योर्स यांची सहानुभूती कोणाकडे आहे, हे येथे स्पष्ट होते.

नावांचे कोडे

झामोनियातील थोर लेखकांची नावे खऱ्या लेखकांच्या नावांतील अक्षरे उलटसुलट करून बनवलेली आहेत. ओयान गोल्गो फान फोन्टेवेग म्हणजे योहान वोल्फगांग फॉन ग्योटे, पेर्ला ला गाडेऑन म्हणजे एडगर अॅलन पो आणि बालोनो दे त्साखेर म्हणजे ओनोरे द बाल्झाक. ही जुळणी रोमन लिपीतील सुट्या अक्षरांची असल्यामुळे देवनागरीत लिहिताच ती दिसेनाशी होते. कोडे सोडवायचे असल्यास मराठी वाचकाला रोमन लेखनाकडेच परतावे लागते. बुखलिंगांच्या वसतीत हिल्डेगुन्स्टलाही असाच खेळ खेळावा लागतो. समोरचा बुखलिंग उतारे म्हणून दाखवतो आणि त्यावरून लेखक ओळखायचा असतो. या खेळात जर्मन साहित्य वाचलेल्यांना अधिक मजा येते हे खरे, पण कथा समजण्यासाठी त्याची आवश्यकता नाही.

पूर्वार्ध संथ आहे. शहराची वर्णने, दुकानांच्या याद्या आणि विषयांतरे यांत कथानक बराच काळ पुढे सरकत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासन्‌तास रमणाऱ्यांना मात्र हाच भाग विशेष आवडतो.

उत्तरकथा व रूपांतर

'दास लाबिरिंट डेर ट्रॉयमेन्डेन ब्यूशर' हा पुढील भाग २०११ साली आला. त्यात दोनशे वर्षांनंतर, आता कीर्तिमान व आळशी झालेला हिल्डेगुन्स्ट पुन्हा उभारलेल्या बुखहाइमला येतो. मूळ कादंबरीचे चित्रकथेतील रूपांतर म्योर्स यांनी चित्रकार फ्लोरियान बीगे यांच्यासह केले असून त्याचे दोन खंड २०१७ व २०१८ साली प्रकाशित झाले. पहिल्या खंडात शहर आहे, दुसऱ्यात भुयारे.