विवाह, धर्मांतर आणि १८७२ चा कायदा

विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर साहित्याच्या अभ्यासकाने केव्हा ना केव्हा चाळलेले असते. कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडावर भाषांतरकर्तीचे नाव 'मिसेस एस. केतकर' असे आहे. या म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोहन. त्या जन्माने जर्मन ज्यू होत्या. १९२० साली केतकरांशी विवाह होण्यापूर्वी त्यांना व्रात्यस्तोम विधीने हिंदू करून घेण्यात आले. केतकरांच्या समाजविचाराचे उदाहरण म्हणून या घटनेकडे पाहिले जाते आणि ते रास्तही आहे. परकीयांना सामावून घेण्याचे सामर्थ्य हिंदू समाजात असले पाहिजे, हे त्यांचे मत होते. पण एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या दोघांनी आपापला धर्म कायम ठेवून ब्रिटिश हिंदुस्थानात विवाह करावयाचे ठरविले असते, तर कायद्याने तो शक्य होता काय?

तो शक्य नव्हता. धर्मभिन्न स्त्री-पुरुषांच्या विवाहांचा आपल्याकडील इतिहास या नकारापासून वाचावयास हवा. तो तसा वाचला, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'विवाहासाठी केलेले धर्मांतर' म्हणतो त्यात श्रद्धेचा भाग किती आणि कायद्याच्या सक्तीचा किती, हा भेद दिसू लागतो.

या नकाराची कथा बंगालमध्ये सुरू होते. केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांनी मूर्तिपूजा आणि पारंपरिक संस्कार सोडून ब्राह्मपद्धतीने विवाह लावण्यास आरंभ केला, तेव्हा असे विवाह कायदेशीर ठरणार नाहीत असे कायदेपंडितांचे मत पडले. संततीचा औरसपणा आणि वारसा हे दोन्ही प्रश्न त्यामुळे टांगणीला लागले. सर हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये एक व्यापक विधेयक पुढे आणले. प्रचलित धर्माचारांप्रमाणे विवाह करू न इच्छिणाऱ्या एतद्देशीयांना दिवाणी विवाहाची सोय त्यात होती. सनातनी मंडळींनी आणि प्रांतिक सरकारांनी त्याला विरोध केला. मेन यांच्यामागून आलेल्या फिट्झजेम्स स्टीफन यांनी सोय केवळ ब्राह्मांपुरती मर्यादित करून पाहिली, तेव्हा आदि ब्राह्म समाजाने हरकत घेतली. आपण हिंदूच आहोत, आपल्या नावाने वेगळा कायदा नको, असे त्यांचे म्हणणे होते.

या पेचातून १८७२ चा तिसरा कायदा निघाला. त्यातून एकाही समाजाचे नाव लाभार्थी म्हणून घेतलेले नाही. उलट, आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही, असे वधू-वरांनी लिहून द्यावे, अशी अट त्यात आली. आठ धर्मांचा इन्कार केल्यावर मगच सरकारी निबंधक विवाह नोंदवू शके. कोणत्याही धर्माला दुखवावयाचे नाही या हेतूने केलेली ही रचना होती. पण तिचा अर्थ असा झाला की, श्रद्धावान माणसाला खोटे बोलल्याखेरीज परधर्मीयाशी दिवाणी विवाह करता येईना.

उरलेल्या वाटा थोड्या होत्या. जोडप्यापैकी एक जण ख्रिस्ती असल्यास ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याचा आधार मिळे. मुसलमान पुरुषाला ख्रिस्ती वा ज्यू स्त्रीशी निकाह करता येई. इतरांना धर्मांतर, धर्माचा इन्कार किंवा कायद्याच्या आश्रयावाचून सहजीवन, एवढेच पर्याय होते.

ही अट काढावी म्हणून भूपेंद्रनाथ बसू यांनी १९११ मध्ये विधेयक आणले. १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली, तेव्हा पाठिंबा देणाऱ्यांत मुंबईचे मुस्लिम प्रतिनिधी बॅरिस्टर महंमद अली जिना होते. विधेयक फेटाळले गेले. पुढे सहा वर्षांनी तोच कायदा जिनांच्या स्वतःच्या आयुष्यात आडवा आला. सर दिनशा पेटिट यांची कन्या रतनबाई आणि जिना यांचा विवाह मुंबईत २० एप्रिल १९१८ रोजी झाला. त्याआधी दोन दिवस, १८ एप्रिलला, रतनबाईंनी इस्लाम स्वीकारला होता. दिवाणी विवाह करावयाचा, तर जिनांना आपण मुसलमान नसल्याचे लिहून द्यावे लागले असते, आणि ते तर मुस्लिम मतदारसंघाचे प्रतिनिधी. इन्काराची वाट अशी बंद होती; धर्मांतराची खुली होती, आणि ती वधूने चालावयाची होती. पारशी समाजाशी तिचा संबंध तुटला. १९२९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, ती वारली. तिचे दफन माझगावच्या खोजा शिया इस्ना अशरी कबरस्तानात झाले. विवाहाच्या आदल्या आठवड्यातील एका विधीने मृत्यूनंतरची जागाही ठरवून टाकली होती.

हा मार्ग किंचित रुंद केला तो सर हरिसिंग गौर यांनी. नागपुरात वकिली केलेल्या या गृहस्थांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना इन्कार न करता आपसात दिवाणी विवाह करता येऊ लागला. मात्र याची किंमत मोजावी लागे. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त समजला जाई, त्याचा दत्तक घेण्याचा अधिकार जाई, आणि तो एकुलता एक मुलगा असल्यास त्याच्या पित्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येई. म्हणजे कायद्याने विवाहाला मान्यता दिली, पण मुलगा पित्याच्या लेखी नसल्यासारखा धरला. शिवाय हिंदू आणि मुसलमान, किंवा हिंदू आणि पारशी, यांच्यापुढील भिंत तशीच राहिली.

ती किती पक्की होती हे १९४२ साली अलाहाबादेत दिसले. इंदिरा नेहरू आणि फिरोज गांधी यांचा विवाह २६ मार्च रोजी वैदिक विधीने झाला. वर पारशी, वधू हिंदू. दोघांनीही धर्म बदलला नाही. त्या काळच्या कायद्याप्रमाणे या विवाहाला भक्कम आधार नव्हता. संतापाच्या पत्रांना 'हरिजन'मधून उत्तर देताना महात्मा गांधींनी विवाहासाठी धर्म बदलण्यास आपला विरोध असल्याचे स्पष्ट केले. जे राष्ट्रपित्याला नीतीने योग्य वाटत होते, त्याला कायद्यात जागा नव्हती.

ती जागा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने निर्माण केली. धर्माचा इन्कार करण्याची अट गेली. तरी जुन्या रचनेचे काही अवशेष उरले. परधर्मीयाशी या कायद्याखाली विवाह करणारा हिंदू आजही अविभक्त कुटुंबातून विभक्त समजला जातो; दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असल्यास १९७६ च्या दुरुस्तीने ही तरतूद लागू होत नाही. १८७२ मध्ये चौदा दिवसांची असलेली नोटीस तीस दिवसांची झाली. घरातून विरोध असलेल्या जोडप्याला हा महिना किती दीर्घ वाटत असेल, हे सांगावयास नको. विवाहाने स्त्रीचा धर्म बदलतो ही समजूतही कायद्याबरोबर गेली नाही. हिंदू पुरुषाशी याच कायद्याखाली विवाह केलेल्या एका पारशी स्त्रीचा धर्म पतीच्या धर्मात विलीन झाला, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुमताने मानले. आईवडिलांच्या अंत्यविधीला उपस्थित राहता यावे, अशी तिची मागणी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, २०१७ मध्ये, संबंधित पारशी न्यासाने तिला ती मुभा दिली.

साहित्याच्या आणि चरित्राच्या अभ्यासकाला या कायदेशीर तपशिलाची गरज काय, असे कुणी म्हणेल. गरज आहे, कारण आपण ज्या कागदपत्रांवर विसंबतो तीच या अटींनी घडविलेली आहेत. निबंधकाच्या वहीत जो 'कोणताही धर्म न मानणारा' म्हणून नोंदला गेला तो नास्तिक असेलच असे नाही, आणि धर्मांतराच्या नोंदीत जिचे नवे नाव आले तिने जुनी श्रद्धा टाकलीच असेल असेही नाही. शीलवतीबाईंचा व्रात्यस्तोम आणि रतनबाईंचे इस्लाम-ग्रहण यांतील भावना वेगळ्या असू शकतील. एक वैचारिक भूमिकेचा भाग होता, दुसरे अल्पकाळात घेतलेला निर्णय. पण दोन्ही स्त्रियांपुढे, धर्म न बदलता पत्नी होण्याचा पर्याय राज्याने ठेवलेला नव्हता. अशा विवाहाविषयी लिहिताना त्या वर्षी त्या दोघांना कोणती वाट उपलब्ध होती, हे प्रथम तपासले पाहिजे. त्यानंतरच निष्ठा, त्याग किंवा शरणागती हे शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.