आरक्षणाच्या रजिस्टरातला डेटाबेस

रेल्वे आरक्षणाची नवी प्रणाली मिनिटाला सुमारे ३२ हजारांऐवजी दीड लाखांहून अधिक तिकिटे देऊ शकेल, असे रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये जाहीर केले. अशा बातम्यांतील डेटाबेस, लॉक, ट्रॅन्झॅक्शन हे शब्द वाचक बहुधा ओलांडून जातो. वास्तविक त्यांचा अर्थ आरक्षण कार्यालयातील जुन्या, जाडजूड रजिस्टरात आधीपासूनच होता.

संगणकापूर्वी ज्या गाडीचे रजिस्टर ज्या खिडकीवर, तेथेच तिची रांग. एका वेळी एकच कारकून त्या पानावर लिहू शके. म्हणून एकच बर्थ दोघांना जाण्याची भीती कमी. त्याची किंमत प्रवासी मोजत. परगावाहून परतीचे आरक्षण हवे असल्यास तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची.

नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीने उभारलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली सुरू झाली. रजिस्टर यंत्रात गेले आणि कोणत्याही खिडकीवरून उघडता येऊ लागले. हाच डेटाबेस. पण शेवटचा बर्थ दोन कारकुनांना एकाच क्षणी रिकामा दिसला तर? कागदी वही एकाच हातात असल्याने हा प्रश्न तिने आपोआप सोडवला होता. यंत्राला तो शिकवावा लागला. पहिली मागणी पोहोचताच ती नोंद इतरांसाठी क्षणभर बंद होते, ते लॉक. बर्थ देणे, नाव लिहिणे, शिल्लक आकडा घटवणे ही कामे एक तर सगळी होतात, नाहीतर एकही नाही, ते ट्रॅन्झॅक्शन. मध्येच वीज गेली तर अर्धवट नोंद रद्द होते. (‘व्यवहार’ हा आपला शब्द येथे चपखल बसतो, तो रूढ झाला नाही, हे नवलच.)

पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली. प्रत्येक केंद्राने आपापल्या गाड्यांची नोंद स्वतःकडेच ठेवली. चेन्नईच्या खिडकीवरची मागणी मुंबईच्या केंद्राकडे जाऊन परत येई. विखुरलेला डेटाबेस तो हाच.

ऑगस्ट २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवर आले आणि व्यवहारात बँकेची वही शिरली. ‘पैसे गेले, तिकीट नाही’ या परिचित मनस्तापाचे मूळ येथे आहे. ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम प्रत्येक वही स्वतःपुरता पाळते. दोन संस्थांच्या दोन वह्यांना एकत्र बांधणारे कुलूप नसते. बँकेने रक्कम वजा केलेली असते, रेल्वेकडे निरोप वेळेत पोहोचलेला नसतो. मग मागाहून दोन्ही वह्या ताडून पाहिल्या जातात आणि पैसे परत येतात. बर्थ तोवर दुसऱ्याच्या नावावर लागलेला असतो.