दोन तोंडांची गाडी

आमच्या मालवणात आजतागायत रेल्वे आलेली नाही. तरीही विजेच्या गाडीवर बोलण्याचा हक्क मालवणकराइतका दुसऱ्या कुणाला नाही, असं माझं ठाम मत आहे. त्या गाडीत 'जरा सरका' म्हणत चौथी सीट मिळवण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या!

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बरच्या वाटेनं कुर्ल्याला गेली. डबे चार, डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्ट. निशाण दाखवायला खुद्द गव्हर्नर, सर लेस्ली विल्सन. गाडी चालवणार जी.आय.पी. कंपनी. पण पाच महिने पुरते भरायच्या आत, १ जुलैला, रेल्वेचा कारभार सरकारनं हाती घेतला. म्हणजे गाडी धावू लागली आणि कंपनीच खाली उतरली!

आमचे आजोबा बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या गिरणीत लागले. लोकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "अरे, हेचा इंजिन खंय?"

प्रश्न बिनतोड होता. वाफेच्या गाडीचं इंजिन शेवटच्या स्टेशनावर सोडायचं, फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, त्याला कोळसा-पाणी द्यायचं. एखाद्या जावयाचं करावं तसं सगळं. लोकलचं तसं नाही. मोटारी डब्यांच्याच पोटाखाली, आणि चालकाची खोली दोन्ही टोकांना. मोटरमननं या टोकाला उतरावं, गार्डानं त्या टोकाला. दोघांनी जागा बदलल्या की शेपटाचं झालं तोंड!

मालवणी चाकरमानी नेमका याच जातीचा. एक तोंड गिरणगावाकडे, दुसरं गावाकडे. अकरा महिने मनिऑर्डर त्या दिशेला, गणपतीला स्वतः. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येकांना बिऱ्हाड उचलून गावचं तोंड धरावं लागलं. तेव्हाही गावाकडे रेल्वे नव्हतीच. ती संपूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला, तीही डिझेलवर. विजेची तार पुरी व्हायला २०२२ उजाडलं. आणि २७ जून २०२३ला मुंबई–मडगाव वंदे भारत निघाली. मोटारी डब्यांखाली, दोन्ही टोकांना तोंड. म्हणजे आजोबांच्या लोकलचीच शिकलेली नात! ती कणकवलीला थांबते. बोरीबंदर ते कणकवली हे अंतर दोन तोंडांच्या गाडीनं अठ्ठ्याण्णव वर्षांत कापलं, एवढंच.

कणकवलीहून मालवणला मात्र एस.टी. ती खळ्यापर्यंत सोडत नाही, पण तक्रार तिची नाही. खळ्यात पोचल्यावर दाराला कुलूप असतं. चावी शेजारच्या काकीकडे. काकी चावी देते आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "परत कधी जातलंस?"

'इलंस कधी' हे विचारायचं ती आताशा विसरली आहे.