जामठ्याची फायनल आणि १९५६ चा नकाशा

मंडळी, फायनलच्या आदल्या दिवशी पेपरात जे छापून येतं त्याचा साचा ठरलेला असतो. पिचवर गवत किती, टॉस जिंकून काय करावं, कोण फॉर्मात आहे आणि कोणाचं बोट दुखतंय. २५ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे विदर्भ-केरळ रणजी फायनलच्या आदल्या दिवशी, मी असे सापडतील तेवढे लेख वाचून काढले (हापिसात, अर्थातच). आकडे सगळे चोख होते. हर्ष दुबेच्या ६६ विकेट्स झाल्यात, एका मोसमातला विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ चा आहे, म्हणजे अजून तीन हव्यात, वगैरे वगैरे. पण मला जी गोष्ट वाचायची होती ती काही सापडली नाही. म्हणून तो आदल्या दिवशीचा लेख आता मीच लिहितोय. उशीर झालाय खरा, आणि निकालही तुम्हाला बहुधा माहीत असेल. चालायचंच.

गोष्ट अशी. रणजीच्या तक्त्यात 'केरळ' हे नाव पहिल्यांदा दिसतं १९५७-५८ च्या मोसमात. त्याआधी तो संघ त्रावणकोर-कोचीन म्हणून खेळायचा. आणि 'विदर्भ' हे नाव पहिल्यांदा कधी दिसतं? १९५७-५८ च्याच मोसमात. योगायोग वाटतो ना? अर्धाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि केरळ नावाचं राज्य जन्माला आलं, म्हणून क्रिकेटच्या संघाचंही नाव बदललं. सरळ हिशोब. पण त्याच तारखेला विदर्भाचं काय झालं? फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारस केली होती. ती बाजूला ठेवली गेली, मध्य प्रदेशातले आमचे आठ जिल्हे काढून द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले, आणि १९६० मध्ये तिथून महाराष्ट्रात. म्हणजे ज्या पुनर्रचनेनं केरळला राज्य आणि संघ दोन्ही दिलं, तिनं विदर्भाला नुसता संघ दिला.

तेव्हापासून विदर्भ नावाचं 'राज्य' एकाच ठिकाणी आहे. रणजीच्या स्कोअरकार्डवर.

आता यात यवतमाळकराचं काय, असं कुणी विचारेल. तर थोडं मागं जाऊ. आमचा जिल्हा वऱ्हाडातला. वर्धा नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे नागपूर. वऱ्हाड कागदावर निजामाचं, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. जिल्ह्याचं नावसुद्धा १९०५ पर्यंत 'वणी' (इंग्रज 'वून' लिहायचे), मग यवतमाळ झालं. त्यामुळे नागपूरबद्दल आमच्याकडे जरा अंतर राखूनच बोलतात. नागपूर म्हणजे मोठा दवाखाना, हायकोर्ट आणि कॉलेज. साधारण दीडशे किलोमीटर. पण 'वेगळा विदर्भ' म्हटलं की त्या मागणीतली दोन मोठी नावं यवतमाळचीच निघतात. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. १९६२ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, ते वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. दुसरे जांबुवंतराव धोटे. हे यवतमाळचे, पेशानं आधी शाळेतले व्यायामशिक्षक, १९७१ मध्ये तेही नागपुरातूनच खासदार. लोक त्यांना विदर्भवीर म्हणायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते गेले. त्यानंतर दहा महिन्यांनी विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली. मला ही तारीख उगाच टोचत राहते.

बाहेरच्या जगात हे नवीन नाही. माझ्या टीममधली पोरं शनिवारी रात्री जागून बार्सिलोना बघतात. त्यांना पाठ आहे की कॅटलोनियाला देश नाही म्हणून तो क्लब म्हणजेच देश. बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब तर शंभर वर्षांहून जास्त काळ फक्त बास्क खेळाडू घेऊन खेळतोय. यांना बिल्बाओ माहीत आहे, पण विदर्भाची टीम वेगळी का, महाराष्ट्रात तीन-तीन रणजी संघ कसे (मुंबई, महाराष्ट्र आणि आपण), हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आणि वर गंमत अशी की महाराष्ट्रात राहूनही क्रिकेटमध्ये आपण पश्चिम विभागात नाही, मध्य विभागात. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्या पंगतीत. १९५६ च्या आधीचा नकाशा क्रिकेटवाल्यांनी पुसलाच नाही म्हणा ना.

त्या पंगतीत आपण काय केलं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पहिली साठ वर्षं एका परिच्छेदात संपतात. फायनल एकही नाही. २००२-०३ मध्ये रणजीचे एलीट आणि प्लेट असे दोन गट झाले, तेव्हा आपण प्लेटमध्ये पडलो आणि बरीच वर्षं तिथंच राहिलो. कसोटी खेळलेला विदर्भाचा पहिला खेळाडू उमेश यादव, आणि तोही नोव्हेंबर २०११ मध्ये. म्हणजे संघ सुरू झाल्यावर चौपन्न वर्षांनी! माझ्या लहानपणी यवतमाळात पोरं सचिनसाठी भांडायची, विदर्भासाठी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

मग बदललं काय? २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम आलं, त्याच्या आगेमागे पोरांसाठी अकादमी आली, आणि बाहेरून व्यावसायिक खेळाडू आणण्याचं धोरण आलं. वसीम जाफर मुंबई सोडून आला, गणेश सतीश कर्नाटकातून आला. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. हेच पंडित जानेवारी २०१७ मध्ये मुंबईचे प्रशिक्षक म्हणून इंदूरला गुजरातविरुद्ध फायनल हरले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते परत त्याच इंदूरच्या होळकर मैदानावर फायनलला उभे राहिले, या वेळी आपल्याबरोबर.

त्या मोसमाबद्दल मी थोडं सैल सुटून लिहिणार आहे, माफ करा. कोलकात्याची सेमीफायनल ज्यांनी पाहिली त्यांनाच कळेल. कर्नाटक म्हणजे तेव्हाचा दादा संघ. आपण पहिल्या डावात १८५, त्यांनी ३०१, त्यात करुण नायरचे १५३ (हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे). आपण दुसऱ्यांदा ३१३. त्यांना १९८ हवेत. चौथ्या दिवसअखेर सात बाद १११. शेवटच्या दिवशी ८७ हव्यात, हातात तीन विकेट्स, आणि ते पठ्ठे खेळतच राहिले. १९२ पर्यंत! पाच धावांनी जिंकलो. रजनीश गुरबानीनं डावात सात घेतल्या, सामन्यात बारा. गुरबानी हा इंजिनिअर. सिव्हिल. इंजिनिअरिंग करूनही माणूस काहीतरी धड करू शकतो याचा मी तेव्हापासून हापिसात पुरावा म्हणून वापर करतो :)

फायनलला समोर दिल्ली, कप्तान ऋषभ पंत. उमेश दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यामुळे नाही. त्याच्याऐवजी कोण? अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे, प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना आणि तो थेट रणजीची फायनल. दिल्लीचा सलामीवीर कुणाल चंडेला शून्यावर गेला तो या पोराच्याच हातून. वऱ्हाडातल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं, मीही दोनदा लिहिलं असतं. पुढं ध्रुव शोरेनं १४५ काढले (हेही नाव लक्षात ठेवा). मग गुरबानीची हॅटट्रिक आली. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि खुद्द शोरे, तिघेही बोल्ड. रणजी फायनलमध्ये याआधी एकच हॅटट्रिक झाली होती, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. अक्षय वाडकरचं पहिलं शतक, आपले ५४७, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ विकेट्सनी विजय. कप्तान फैझ फझल.

पुढच्या वर्षी फायनल आपल्याच घरी जामठ्याला, समोर सौराष्ट्र, म्हणजे पुजारा. आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं पुजाराला दोन्ही डावांत घेतलं, १ आणि ०. सामन्यात अकरा विकेट्स, ७८ धावांनी विजय. सगळ्यांना सरवटे आठवतो, बरोबरच आहे. पण मला आठवतो तो पहिला डाव. सगळे मोठे फलंदाज जाऊन बसले होते आणि खाली अक्षय कर्णेवार खेळत होता. हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला. नाबाद ७३. त्याच्यामुळे आपण ३१२ पर्यंत गेलो, सौराष्ट्र ३०७ वर थांबलं, आघाडी पाचची. वजाबाकी तुम्हीच करून बघा. दोनेक आठवड्यांत इराणी करंडकात त्यानं १०२ केले. हा गडी दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो, उजव्यानं ऑफस्पिन आणि डाव्यानं डावखुरी. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत चार षटकं, चारही निर्धाव, दोन विकेट्स. चार षटकांत एकही धाव नाही. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिक. टीव्हीवर त्याला क्वचितच दाखवलं असेल, पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून नागपूरला जाऊन संघात टिकणं म्हणजे काय, हे ज्यानं एसटीनं तो प्रवास केलाय त्यालाच विचारा.

तिसरी फायनल मार्च २०२४, वानखेडेवर, मुंबईविरुद्ध. ही मात्र अवघड. मी पुण्यात राहतो, बायको डोंबिवलीची, सासरे दादर युनियनच्या आठवणी सांगणारे. घरात मॅच लागली आणि सासरे अगदी सहज म्हणाले, "दोन्ही आपलेच की!" आता त्यांना काय सांगू? शेंडेफळाला समजवतात ना तसा तो सूर. चिडून बोलायलाही जागा नाही, कारण बोलणारा प्रेमानंच बोलतोय. पण दोन्ही आपलेच असतील तर मग आपण पहिल्या डावात १०५ वर गुंडाळले गेलो तेव्हा पोटात खड्डा फक्त मलाच का पडला? ५३८ चं लक्ष्य होतं. वाडकरचं शतक, करुण नायरचे ७४, हर्ष दुबेचे ६५, आणि पाचव्या दिवशी जेवणापर्यंत तरी खरंच वाटत होतं की होईल. ३६८ वर संपलं. मुंबईचं ते ४२ वं जेतेपद. रात्री यवतमाळहून काकाचा फोन आला. "हारले तं हारले, पण वानखेडेवर ३६८ काढले ना बे!" आणि फोन ठेवला. सासऱ्यांनी श्रीखंड आणलं होतं. खाल्लं.

म्हणून २०२५ च्या सेमीफायनलला मुंबई समोर आली तेव्हा मी घरी मॅच लावलीच नाही, हापिसात लपून पाहिली. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना परत पाठवलं. ८० धावांनी जिंकलो. जास्त बोलत नाही, सासरे हे वाचतात.

तर आता २५ फेब्रुवारीची संध्याकाळ. उद्या जामठ्याला केरळ. त्यांची पहिलीच फायनल, म्हणजे ते आज तिथं आहेत जिथं आपण २०१७ ला होतो. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावाची एका धावेची आघाडी, सेमीफायनलमध्ये गुजरातवर दोन धावांची, आणि तीही शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून उडालेल्या झेलामुळे. असल्या संघाची मला भीती वाटते. आपणही पाच धावांनीच इथवर आलो होतो.

आणि आता ती नावं आठवा. २०१७ च्या सेमीफायनलमध्ये आपल्याला धुणारा करुण नायर आता आपल्याकडून खेळतोय. फायनलमध्ये १४५ काढून गुरबानीच्या हॅटट्रिकचा तिसरा बळी झालेला ध्रुव शोरे आता आपला सलामीवीर आहे. आणि २०१९ मध्ये ज्यानं पुजाराला दोनदा घेऊन करंडक आपल्या हातात दिला, तो आदित्य सरवटे उद्या केरळकडून खेळणार आहे. बिल्बाओवाले आपल्याला हसतील. मग 'विदर्भ' म्हणजे नेमकं कोण? काका म्हणतो जो विदर्भाची टोपी घालतो तो. मला ते अर्धंच पटतं. टोपी बदलली म्हणून सरवटे बाद झाला की टाळ्या वाजवायच्या, हे हाताला जमत नाही.

प्रत्यक्षात झालं ते असं. आपण तीन बाद २४. मग एकवीस वर्षांचा दानिश मालेवार, पहिलाच मोसम, १५३. नायर ८६ वर धावबाद. एकूण ३७९. केरळकडून कप्तान सचिन बेबी ९८, आणि त्यांना धरून ठेवलं कोणी? तिसऱ्या क्रमांकावर येऊन ७९ काढणाऱ्या सरवटेनं. ३४२ वर डाव संपला. दुबेला हव्या होत्या तेवढ्या तीन विकेट्स मिळाल्या, ६९, नवा विक्रम. आघाडी ३७ ची. दुसऱ्या डावात नायरचं शतक, १३५, खाली कर्णेवारचे ३०. आघाडी चारशेच्या पुढं गेली तरी केरळची पोरं शेवटपर्यंत टाकत होती, आणि सरवटे त्यांच्यात होता, विकेट्स काढत. नऊ बाद ३७५ झाले, वर्ध्याच्या दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं, आणि दोन्ही कप्तानांनी हात मिळवले.