पहिल्या यादीत नाव

मे-जून आला की गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाबरोबर दुसराही एक हिशेब सुरू होतो. कुणाच्या लेकीला किती टक्के पडले, तिला पुढे कुठे घालायचं, मुंबईला मामाकडे ठेवली तर जमेल का. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावं आपल्याला नातेवाइकांच्या पत्त्यांवरून माहीत असतात. तिथल्या कॉलेजांच्या फाटकावर पूर्वी कागदाच्या याद्या लागायच्या, आता त्या मोबाइलवर दिसतात. यादीत कुणाचं नाव यायचं हे टक्क्यांवर ठरतं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. टक्क्यांच्या आधी नियम असतो आणि नियम कुणीतरी लिहिलेला असतो. आज आम्ही त्या नियमांचा इतिहास सांगणार आहोत.

मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ साली. तेव्हा ते स्वतः वर्ग चालवत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं, परीक्षा घ्यायचं काम विद्यापीठाचं. आत शिरायला दार एकच, मॅट्रिकची परीक्षा. ती पहिल्यांदा झाली १८५९ साली. १३२ जण बसले, २२ पास झाले. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

चौघेही पुरुष, यात तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मुलींना बंदी आहे, असं विद्यापीठाच्या नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. नियम इंग्रजीत होते आणि उमेदवाराचा उल्लेख सगळीकडे ‘तो’ असा होता. तो अर्ज करील, तो फी भरील, तो परीक्षेला बसेल. १८७५ च्या सुमारास बेळगावच्या एका पारशी वडिलांनी विद्यापीठाला विचारलं, माझ्या मुलीला मॅट्रिकला बसू द्याल का? उत्तर नाही असं आलं. नियमात ‘तो’ आहे, ‘ती’ नाही, एवढ्यावर मुलगी बाहेर राहिली. तिचा अभ्यास किती झालाय, हे विचारण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

इकडे असं चाललं असताना कलकत्ता विद्यापीठाने १८७८ साली मुलींना परीक्षेची दारं उघडली. मुंबईला त्यानंतरही पाच वर्षं लागली. १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटने ठराव केला की नियमांत जिथे पुल्लिंगी शब्द आहे तिथे स्त्रीही धरावी. नवी इमारत बांधली नाही, नवा पैसा लागला नाही, अभ्यासक्रमही बदलला नाही. एका शब्दाचा अर्थ बदलला. आम्हाला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सव्वीस वर्षं जे दार बंद होतं ते एका ओळीने उघडलं. पण ती ओळ आपोआप लिहिली गेली नव्हती. आधी कुणीतरी बेळगावहून पत्र टाकलं होतं.

त्याच १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. आणि त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनेही मुलींना घ्यायला सुरुवात केली. दार उघडायला थोडा उशीर झाला की माणसाला किती लांब जावं लागतं, ते यावरून दिसतं.

मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. तेव्हा पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखालीच येत. ठरावानंतर पाच वर्षांच्या आत ती वरच्या क्रमांकाने पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या गुणांवर विलायतेला शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण ती बाई. शेवटी विलायतेतल्या काही हितचिंतकांनी पैसे उभे केले, ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. तिला ती पदवी हातात मिळाली १९२२ साली. तीस वर्षांनी! दार उघडलं तरी आतल्या खोल्यांना वेगळी कुलपं असतात, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

यातलं एक कुलूप भाषेचं होतं. कॉलेजात सगळं शिक्षण इंग्रजीतून. घरी चार भावंडं सांभाळत शिकणाऱ्या मुलीला इंग्रजी कुठून येणार? धोंडो केशव कर्व्यांनी यावर वेगळा मार्ग काढला. विधवांसाठी हिंगण्याला आश्रम चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीला होता. १९१६ साली त्यांनी फक्त स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं आणि शिकवायची भाषा मातृभाषा ठेवली. पहिल्या वर्गात मुली मोजून चार-पाच. सरकारची मान्यता नाही. लोक हसले, असल्या पदवीला कोण विचारणार म्हणाले. पुढे १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव लागलं. आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. आज त्याचं एक मोठं आवार उपनगरात, सांताक्रूझला जुहूच्या बाजूला आहे. मुलीला मुलांच्या कॉलेजात पाठवायला घरचे तयार नसतील तर हा रस्ता शंभर वर्षांपासून आहे, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

दुसरं कुलूप अंतराचं. मुंबईची जुनी कॉलेजं, एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स, सगळी दक्षिण टोकाला. अंधेरी-बोरिवली तेव्हा शेतं, वाड्या आणि ताडामाडांची गावं. लोकलची विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली १९२८ साली. दोनच वर्षांनी, १९३० साली, जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झालं. सर मोहम्मद युसुफ यांनी त्यासाठी आठ लाखांची देणगी कितीतरी आधी दिली होती आणि कॉलेज सरकारी होतं. अंधेरीच्या बाजूची पोरं आता पायी किंवा एक-दोन स्टेशनं गाडीने जाऊन पदवी घेऊ लागली. आपल्याकडे तालुक्याला कॉलेज आल्यावर गावच्या मुलींचं जे झालं, तेच तिथे झालं. मुलगी संध्याकाळी घरी परत येते एवढ्या एका कारणाने बाप तिला पाठवायला तयार होतो.

त्यानंतर उपनगरं भराभर भरली आणि त्यांच्यामागून कॉलेजं आली. अंधेरीला १९४६ साली भवन्स. विद्याविहारला सोमय्या आणि पार्ल्याला पार्ले कॉलेज, दोन्ही १९५९ ची. घाटकोपरला १९६३ साली झुनझुनवाला, मुलुंडला १९७० साली कॉमर्स कॉलेज आणि १९८४ साली केळकर-वझे. बहुतेक खाजगी संस्थांनी काढलेली. गुजराती, मराठी, हिंदी भाषक मंडळींनी आपापल्या मुलांसाठी पैसा जमवला, जागा मिळवली. हे आठवणीत ठेवा, कारण आजच्या प्रवेशात त्याचा संबंध येतो. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याकांनी काढलेल्या संस्थेला अकरावीच्या निम्म्या जागा आपल्या समाजाच्या मुलांसाठी ठेवता येतात. ८५ टक्के मिळालेल्या मुलीला वाटतं, माझ्यापेक्षा कमी टक्क्यांची आत गेली आणि मी बाहेर कशी? तिची यादीच वेगळी होती, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आता पदवीच्या पहिल्या वर्षाचं, म्हणजे एफवायचं बघू. १९७० च्या दशकाच्या मध्यात दहावी, बारावी आणि मग तीन वर्षं पदवी असा नवा आकृतिबंध आला. अकरावी-बारावीचे वर्ग कॉलेजातच बसू लागले. त्यातून रीत पडली की कॉलेजने आपल्याच बारावीच्या मुलांना एफवायला आधी घ्यायचं. याला तिकडे ‘इनहाउस’ म्हणतात. घरची मुलं बसवून झाली की उरलेल्या जागांसाठी बाहेरच्यांच्या याद्या लागतात. त्यामुळे नावाजलेल्या कॉलेजात बाहेरून येणाऱ्या मुलीसाठी कट-ऑफ फार वर चढतो. बारावी गावी करून पदवीला मुंबईला यायचं असेल, तर हे आधीच धरून चालावं. पदवीचा निम्मा निकाल अकरावीला लागून गेलेला असतो.

म्हणून मुंबईत खरी भांडणं अकरावीच्या दारात झाली. २००८ साली सरकारने वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांचे गुण एका मापात आणायचं सूत्र काढलं. न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ साली सरकार म्हणालं, ९० टक्के जागा राज्याच्या एसएससी मंडळाच्या मुलांना, बाकीच्या मंडळांना १०. उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं. २०१० साली एसएससीच्या मुलांचे सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे ठरलं. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने चालेल म्हटलं. तीन वर्षांत तीन नियम आणि तिन्ही कोर्टात. मुलं तीच, पेपरही तेच, पण दर वर्षी यादी वेगळी लागणार होती. आमचं स्पष्ट मत आहे की पाच विषयांच्या नियमाने आपल्यासारख्यांच्या मुलींचा फायदा झाला. एका इंग्रजीने किंवा गणिताने सगळी टक्केवारी खाली ओढायची, ते थोडं थांबलं. ज्यांना हे अन्यायाचं वाटलं त्यांचीही बाजू होती, पण त्यांच्याकडे शिकवण्या होत्या.

याच काळात, २००९ पासून, मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. आधी प्रत्येक कॉलेजात जाऊन रांग लावायची, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा विकत घ्यायचा. घाटकोपरची आई पोरीला घेऊन एका दिवसात तीन स्टेशनं उतरायची. ती वणवण संपली, पण तिच्या जागी सायबर कॅफेची वणवण आली.

मुंबईची ही पद्धत २०२५ साली सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. आता तुमच्या तालुक्यातल्या कॉलेजची अकरावीही त्याच यंत्रणेतून भरते. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. आणि इथे एक नियम आहे जो १८८३ च्या त्या ‘तो’सारखाच सहज नजरेतून सुटतो. पहिल्या क्रमांकाला लिहिलेलं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. नाव मोठं म्हणून शहरातलं कॉलेज पहिलं टाकलं, ते मिळालं आणि राहायची सोय झाली नाही, तर पंचाईत मुलीची होते.

एफवायचं वेगळं आहे. बारावीच्या निकालानंतर मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करायची. मग हव्या त्या प्रत्येक कॉलेजात अर्ज करायचा. प्रत्येक कॉलेज आपल्या याद्या एकामागून एक लावतं. यादीत नाव आल्यावर कागद दाखवून फी भरायला मोजके दिवस मिळतात. बीएमएस, बीबीए, बीसीए करायचं असेल तर २०२४ पासून त्याला सीईटी द्यावी लागते, नुसत्या बारावीच्या गुणांवर भागत नाही. आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सरकारने ठरवलं की ज्या घराचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर ही माफी नाही.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास हे कागद तहसीलमधून यायला वेळ लागतो आणि जूनमध्ये तिथे सगळा तालुका उभा असतो. ज्या गटांत यंदा दहावी-बारावीच्या मुली आहेत, त्यांनी फेब्रुवारीतच अर्ज टाकावेत. फी भरायच्या त्या मोजक्या दिवसांसाठी गटातून तातडीचं कर्ज द्यायचं का, हेही मार्चच्या बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवावं. दहा कॉलेजांचा क्रम लावताना मुलीला शेजारी बसवा, आणि संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते कॉलेजच्या नावापुढे पेन्सिलने लिहा.